बेचाळीस हजार आणि आठ पाचची लेडीज

ताई, नमस्कार.

मी एक्कावन्न वर्षांची. बोरिवलीला राहते, फोर्टला नोकरी. चार वर्षांपूर्वी डायबेटिस निघाला. उंची पाच फूट एक इंच, वजन ७८ किलो. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.२ टक्के आली. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची छोटी गोळी चालू आहे. डॉक्टर दर वेळी 'वजन कमी करा' म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात.

आजवर चार डाएटं झाली. एकदा नऊ किलो उतरले, दीड वर्षात साडेदहा परत आले. आता नणंदेने एका प्रोग्रॅमची माहिती पाठवली आहे. वर्षाचे बेचाळीस हजार. त्यात अ‍ॅप, दंडाला लावायचा शुगर मोजणारा सेन्सर, प्रोटीनची पावडर आणि फोनवर कोच. 'नव्वद दिवसांत गोळ्या बंद' असं लिहिलंय. ऑफर पंधरा तारखेपर्यंतच आहे. मिस्टर म्हणतात, कमी खायला आणि चालायला पैसे कशाला लागतात? सासूबाईंना ही सगळी थेरं वाटतात. लेक म्हणते, आई, तू सीरियसच नाहीस. मला खरंच मनावर ताबा नाही का? की प्रोग्रॅम घेऊ?

— बोरिवलीची एक ढ विद्यार्थिनी

प्रिय विद्यार्थिनी,

आधी ती सही खोडा. नऊ किलो उतरवणारी बाई ढ नसते. दुकानातून तांदळाची दहा किलोची पिशवी घरी आणून बघा, म्हणजे आपण काय उतरवलं होतं ते कळेल.

ते परत का आलं, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. ऑस्ट्रेलियात ५० जणांचं वजन दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन उतरवलं आणि वर्षभराने त्यांचं रक्त तपासलं. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्ष उलटलं तरी त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं संप्रेरक चढलेलं होतं आणि 'पोट भरलं' असा निरोप देणारी संप्रेरकं उतरलेली होती. म्हणजे डाएट संपलं तरी शरीराचा दुष्काळ संपलेला नव्हता. मी स्वतः पंचेचाळिसाव्या वर्षी सहा किलो उतरवले आणि पुढच्या गणपतीपर्यंत पाच परत मिळवले. मी आहारतज्ज्ञ आहे, हे ध्यानात घ्या. तेव्हा ताब्याबिब्याचं लेकीला बोलू दे, तुम्ही मनावर घेऊ नका.

आता तुमच्या मिस्टरांचा प्रश्न. तो टोमण्यासारखा आला असला तरी प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर अमेरिकेत शोधून झालंय. टाइप टू डायबेटिस असलेली, वजन जास्त असलेली ५,१४५ माणसं १६ केंद्रांत घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. अभ्यासाचं नाव 'लुक अहेड'. एका गटाला वर्षातून तीनदा एकत्र बसवून आहार-व्यायामाची माहिती दिली. थोडक्यात, कमी खा आणि चाला. दुसऱ्या गटाला पहिले सहा महिने दर आठवड्याला बोलावलं, महिन्यातून तीनदा सगळ्यांबरोबर आणि एकदा एकट्याला. दर वेळी वजन, काय खाल्लं त्याची वही, काय जमलं नाही त्याची बोलणी. तुमच्या वजनाच्या लोकांना दिवसाला १२०० ते १५०० कॅलरी, आणि आठवड्याला १७५ मिनिटं चालणं, तेही हळूहळू वाढवत नेलेलं.

वर्षाने बघितलं तर माहितीवाल्या गटाचं वजन ०.७ टक्के उतरलं होतं. दर आठवड्याला भेटणाऱ्या गटाचं ८.६ टक्के. तुमच्या ७८ किलोंत हा हिशोब मांडला, तर मिस्टरांच्या सल्ल्याने अर्धा किलो आणि भेटीगाठींनी साडेसहाच्या वर. दोन्ही गटांना माहिती होतीच, फरक पडला तो विचारपूस करणाऱ्या माणसांनी.

हे लिहिताना मला माझी ओपीडी आठवते. अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयात बसले. एका पेशंटला चार-पाच मिनिटं, आणि हातात डाएटच्या तक्त्याची झेरॉक्स. परळच्या एक बाई तो तक्ता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवायच्या आणि दर वर्षी जशाच्या तशा घडीचा परत आणून दाखवायच्या. सुरकुतीही नाही. त्यांना वाटायचं, बाईंचा कागद जपून ठेवणं म्हणजे पथ्य पाळणं. चूक त्यांची नव्हती. त्यांना वर्षात एकदा भेटणारी मी होते.

तेव्हा पैसे देऊन प्रोग्रॅम घेण्यात मूर्खपणा नाही. सोबतीचे, आठवड्याच्या विचारपुशीचे पैसे देणं योग्य असू शकतं. पण तुम्हाला आलेल्या जाहिरातीत सोबत शेवटच्या ओळीत आहे आणि 'गोळ्या बंद' सगळ्यात वर. तिथे मी थांबले.

'गोळ्या बंद' ही निव्वळ थाप नाही, हेही सांगते. स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात 'डायरेक्ट' नावाचा अभ्यास झाला, २०१७ साली त्याचे आकडे आले. डायबेटिस होऊन सहा वर्षांच्या आतले, इन्सुलिन न घेणारे ३०६ लोक. त्यातल्या निम्म्यांच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या आणि तीन ते पाच महिने दिवसाला जेमतेम ८२५ ते ८५३ कॅलरींचं तयार पेय दिलं, बाकी जेवण नाही. मग हळूहळू अन्न सुरू केलं. वर्षाने त्यांच्यातले ४६ टक्के गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होते. ज्यांचे १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरले, त्यांच्यात तर ८६ टक्के. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी उतरली की इन्सुलिनचं काम सुधारतं, असं त्यामागचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं. तुम्हाला चार वर्षंच झालीत, इन्सुलिन नाही, म्हणजे तुम्ही त्या खिडकीत अजून आहात.

पण पुढचं पानही वाचायला हवं. दोन वर्षांनी ते ४६ टक्के ३६ वर आले. नंतर ज्यांचा पाठपुरावा चालू ठेवला अशा ८५ जणांत पाच वर्षांनी ११ जण गोळ्यांविना होते. जाहिरातीत पहिल्या वर्षाचा आकडा असतो, पाचव्या वर्षाचा कधीच नसतो. शिवाय पंधरा किलो म्हणजे तुमच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. तोही तिथे दवाखान्यातल्या प्रशिक्षित नर्सच्या किंवा आहारतज्ज्ञाच्या डोळ्यांसमोर उतरवला होता, फोनवर 'वेल डन' लिहिणाऱ्या कोचच्या भरवशावर नाही. आणि या अवस्थेला डॉक्टर 'बरा झाला' म्हणत नाहीत. गोळ्या थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही तीन महिन्यांची शुगर ६.५ च्या खाली राहिली, तर 'रेमिशन' म्हणतात. वजन परत आलं की तोही पाहुणा परत येतो.

आता जरा सरळ बसून वाचा. तुमची ती 'छोटी' ग्लिमेपिराइडची गोळी या सगळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. ती तुम्ही जेवलात की नाही हे न बघता शरीराला इन्सुलिन सोडायला लावते. उद्यापासून तुम्ही पोळ्या निम्म्या केल्यात, भात सोडलात, किंवा संकष्टीला दिवसभर चहावर काढलंत आणि गोळी तेवढीच घेतलीत, तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तुम्ही उभ्या अंधेरी-बोरिवलीच्या मध्ये लोकलच्या दाराजवळच्या गर्दीत. मेटफॉर्मिन एकटं असं सहसा करत नाही, ग्लिमेपिराइड करतं. म्हणून कुठलंही डाएट सुरू करण्याआधी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचा: 'मी खाणं कमी करणार आहे, ही गोळी किती कमी करू?' पुढच्या पेशंटला हाक मारायच्या आत विचारायचा. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही आणि कोचच्या सांगण्यावरून तर नाहीच. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी ठेवा. मशीनवर शुगर ७० च्या खाली गेली किंवा तसं वाटलं की तीन चमचे पाण्यातून घ्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं.

त्याच फेरीत डोळ्यांचा पडदा आणि किडनीची तपासणी करून घ्या. बरीच वर्षं वर असलेली शुगर एकदम खाली आणली तर पडद्याचा आधीचा त्रास काही काळ वाढू शकतो, आणि पावडरचे डबे रिचवण्याआधी किडनी कशी आहे हे माहीत असलेलं बरं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी तुम्हाला नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असेल तर उपाशी राहणं किंवा पोळी-भात पार बंद करणं हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. शुगर फार वर न जाताही रक्तात आम्लं वाढून दवाखाना गाठायची वेळ येऊ शकते.

तर त्या प्रोग्रॅमवाल्यांना फोन करा आणि विचारा. माझ्या गोळ्यांचा डोस कोण बदलणार, त्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर काय? कोच दर आठवड्याला बोलणार की अ‍ॅपच मेसेज टाकणार? मधेच सोडून जाणारे किती, आणि तुमच्या सरासरीत ते धरलेत का? पैसे परत मिळतात का? आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न: तेराव्या महिन्यात काय? 'लुक अहेड'वाल्यांनी वर्षानंतरही माणसं सोडली नाहीत, महिन्याची गाठ चालूच ठेवली. आठ वर्षांनी त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी निदान ५ टक्के तरी वजन खाली ठेवलं होतं. तुमची नऊ किलोंची गोष्ट दीड वर्षात उलटली ना? त्या दीड वर्षात तुम्हाला वजन किती म्हणून कोण विचारत होतं?

सेन्सरबद्दल दोन वाक्यं. दोन आठवडे लावून बघायला हरकत नाही, कांदेपोह्यांनी काय होतं आणि मुगाच्या धिरड्याने काय, हे डोळ्यांनी दिसतं. पण सेन्सर वजन उतरवत नाही. पावडरलाही मी नावं ठेवणार नाही, दोन्ही अभ्यासांत तयार पेयं होती. त्यांचा उपयोग एवढाच की माप ठरलेलं असतं आणि 'आज काय करू' हा प्रश्न पडत नाही. तुमच्या घरात तो प्रश्न तुम्ही रोज चार माणसांसाठी सोडवता, म्हणून तुम्हाला एखाद्या जेवणापुरती पावडर सोयीची पडेलही. वर्षभर नको.

माझं मत विचाराल तर बेचाळीस हजार आत्ता भरू नका. आधी बारा आठवडे मी सांगते तसं बघा.

तुम्ही बोरिवली-चर्चगेट रोज करता. लोकलच्या डब्यात तुमचा ग्रुप असणारच. आठ पाचची असो की आठ वीसची, लेडीज डब्यात हळदीकुंकू होतं, डोहाळजेवण होतं, भाजी निवडून होते, कुणाच्या मुलाचा बारावीचा निकाल सगळ्यांना पाठ असतो. अमेरिकेत ज्या गोष्टीसाठी हॉल घेऊन, माणसं नेमून दर आठवड्याला लोक गोळा करावे लागले, ती गोष्ट तुमच्याकडे रोज, पासाच्या पैशांत आहे. त्या डब्यात तुमच्यासारख्या शुगरवाल्या दोन-तीन तरी निघतील. शुक्रवार ठरवा. शुक्रवारी सकाळी घरी वजन करायचं, डब्यात एका वहीत लिहायचं. एक पाव किलो वाढलं तरी लिहायचं. ओरडायचं नाही, टाळ्याही नकोत, फक्त 'या आठवड्यात काय अडलं' एवढं विचारायचं. गंमत वाटेल, पण ही वही तुमच्या चारही डाएटांत नव्हती. जोडीला एखादा आहारतज्ज्ञ गाठा, पंधरा दिवसांनी एकदा. पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, केईएम, सायन, नायर, कूपरला आहारतज्ज्ञ असतात, रांग लावायची तयारी हवी. खासगीत बसायचं म्हटलंत तरी बारा आठवड्यांच्या सहा फेऱ्यांना बेचाळीस हजार लागू नयेत.

लक्ष्य पंधरा किलोंचं नको. चार. ७८ चे ७४. पाच टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं की शुगर हलायला लागते. त्याच्या खाली फारसा फरक पडत नाही, असं या विषयावरचे अभ्यास एकत्र करून पाहणाऱ्यांनाही दिसलं. ते जमलं की पुढचे दोन, मग सहा महिन्यांनी ७२. आणि टेप घेऊन पोटाचा घेर मोजा. आपल्याकडच्या बायकांना ८० सेंटिमीटर, पुरुषांना ९०, ही मर्यादा. पुण्याच्या केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. सहकाऱ्याच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारे आपण आतून बारीक असतोच असं नाही. तेव्हा टेप काढलीच आहे तर मिस्टरांच्या पोटालाही लावा. चालायला पैसे लागत नाहीत, मोजायलाही लागत नाहीत.

खाण्याचं सांगायचं तर तुम्ही दिवसाचं काही लिहिलेलं नाही, पण मी या दिवसाला ओळखते. पहाटे साडेपाचला उठून चार डबे. स्वतःचा नाश्ता म्हणजे उभ्याने चहा आणि दोन मारी. एकला डबा, तीन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. चारला ऑफिसचा गोड चहा. सवासहाची गाडी, पावणेआठला घर, आणि कुकर लावता लावता चिवड्याचा डबा. तो चिवडा कुणी मोजत नाही कारण तो उभ्याने खाल्लेला असतो. मग मालिका संपल्यावर पावणेदहाला पोळी, भाजी, आमटी, भात.

मी यातली एकच गाठ आधी सोडवेन, संध्याकाळची. एक ते पावणेआठ हा फार लांबचा पल्ला आहे. त्या भुकेपुढे मनाचा ताबा वगैरे चालत नाही. चर्चगेटला गाडीत बसलात की मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे आणि छोट्या बाटलीत ताक. उकडलेलं अंडं उत्तम, पण लेडीज डब्यात वासावरून भांडण होईल, ते ऑफिसातच खाऊन निघा. घरी पोचलात की चिवड्याच्या डब्याला वरच्या फळीवर पाठवा. जेवण साडेआठला. मालिका जेवून बघितली तरी कथा तीच असते.

मग डब्यातल्या तीन पोळ्यांच्या दोन करा आणि तिसरीच्या जागी मटकीची किंवा मुगाची उसळ वाटीभर. खाणाऱ्या असाल तर मासे, तळलेले नकोत, कालवणातले. आपल्या जेवणात पोळी-भात इतका असतो की डाळ नावापुरती उरते, आणि वजन उतरताना स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनं लागतात. भात सोडू नका. सोडलेला भात तिसऱ्या आठवड्यात दुपटीने परत येतो. वाटीने मोजून, आमटी-भाजीनंतर शेवटी घ्या. साबुदाण्याला मात्र मी दया दाखवणार नाही. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, वर तूप आणि दाण्याचं कूट, आणि पुण्य पदरात पडल्याच्या आनंदात दुसरी प्लेट. वऱ्याचे तांदूळही तांदळाचेच भाऊ. उपास करायचाच तर ताक, फळ, वाटीभर दाण्याची आमटी, आणि त्या दिवशी गोळीचं काय हे आधीच विचारून ठेवलेलं.

तेल कुणी मोजत नाही. महिन्याला लिटरच्या पिशव्या किती येतात ते या महिन्यात लिहून ठेवा. माणशी महिन्याला अर्धा लिटर पुरे, चौघांना दोन. तुमच्याकडे चार येत असतील तर पथ्य ताटात नाही, कढईत करायला हवं. इथे मिस्टरांना काम द्या. वाण्याकडून तेल आणि फरसाण आणायचं खातं त्यांच्याकडे, आणि दोन पिशव्या संपल्या की महिना संपला. सगळं घर जे खातं तेच तुम्ही खायचं. वेगळ्या उकडलेल्या भाजीचं ताट घेऊन एकटीने बसलेली सून मी फार बघितली आहे, आठ दिवसांच्या वर ती टिकत नाही. सासूबाईंना हाताशी धरा. त्यांच्या वेळी थेरं नव्हती म्हणतात ना? मग त्यांच्या वेळच्या ज्वारीच्या भाकऱ्या, कुळथाचं पिठलं, हाताने कुटलेल्या चटण्या त्यांनाच विचारून करा. भाकरी मोजायची पोळीसारखीच, ज्वारी म्हणून तीन नाही.

चालण्याचं. सकाळी तुम्हाला वेळ नाही, तेव्हा पाचला उठून नॅशनल पार्कात जा असलं काही सांगत नाही. ते रविवारी. न्यूझीलंडमध्ये ४१ डायबेटिसवाल्यांवर एक साधा प्रयोग झाला. दिवसातून केव्हाही एकदा तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. हा २०१६ सालचा अभ्यास. सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं, मिस्टरांना बरोबर घेऊन. दुपारी डबा खाऊन फोर्टच्या फूटपाथवर दहा मिनिटं, सावलीच्या बाजूने. रविवार धरून आठवड्याची १७५ मिनिटं अशीच जमतात. आठवड्यातून दोनदा घरी खुर्चीवरून हात न टेकता उठबस दहा-दहा वेळा, आणि पाण्याच्या लिटरभर बाटल्या उचलून खांद्याचा व्यायाम. गुडघे दुखत असतील तर ते मला लिहा, उठबस बदलू.

दोन वेळाच जेवायची जी पद्धत महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे घरोघरी पोचली, तिच्याबद्दल तुम्ही पुढच्या पत्रात विचारणार हे मला माहीत आहे. कुणाला ती मानवते, फुकट आहे, मधला चिवडा-बिस्किटांचा खेळ थांबतो, हे चांगलंच. तुमच्या बाबतीत ग्लिमेपिराइड चालू असेपर्यंत आपल्या आपण सुरू करू नका, एवढंच.

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही कुणीतरी सुचवेलच. मौंजारो मार्च २०२५ पासून आपल्याकडे मिळतं, वजन आणि शुगर दोन्ही उतरतं, खर्च महिन्याच्या महिन्याला, आणि थांबवलं की वजन बहुतेकांचं परत चढतं. बारा आठवड्यांनी वहीत दोन किलोही उतरलेले दिसले नाहीत तर ते घेऊन डॉक्टरांपुढे बसा. तेव्हा इंजेक्शनाचाही विचार करा, एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमचाही. त्यात हार नाही.

एक गोष्ट लपवत नाही. 'लुक अहेड' २०१२ साली मुदतीआधी थांबवला, कारण साडेनऊ वर्षांनंतरही हार्ट अटॅक, पक्षाघात यांच्या आकड्यांत दोन्ही गटांत फरक पडेना. म्हणून वजन उतरलं की बीपीची, कोलेस्टेरॉलची गोळी तुमच्या मनाने सोडायची नाही, तुम्हाला असेल तर. पण त्याच लोकांना डायबेटिसची औषधं कमी लागली, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कमी झाला, किडनीचं गंभीर दुखणं कमी लोकांना झालं, हिंडणंफिरणं जास्त काळ टिकलं. बोरिवलीचा पूल चढताना दम लागत नाही, ही माझ्या मते छोटी कमाई नाही.

डॉक्टरांकडे या सोमवारीच जा, गोळीचं विचारून या, मगच ताटातली तिसरी पोळी काढा. शुक्रवारच्या वहीचं पहिलं पान मला कळवा. आणि त्या पंधरा तारखेची काळजी करू नका. तसल्या ऑफर सोळा तारखेलाही चालूच असतात.

तुमची,
ताई